बाळाचे अंथरूण कुठे घालावे?

वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत आलेली पत्रे एकत्र ठेवली, तेव्हा असे दिसले की वेगवेगळ्या गावांतून आणि वेगवेगळ्या नात्यांनी जवळपास एकच गोष्ट विचारली गेली आहे: नव्याने घरी येणाऱ्या बाळाला झोपवायचे कुठे? नवजात शिशूंच्या विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केल्यामुळे हा प्रश्न मी खूप वेळा ऐकला आहे, आणि बहुतेक वेळा तो बाळ-बाळंतीण घरी निघण्याच्या दिवशी, रिक्षा दारात उभी असताना विचारला जातो. तोच सातव्या-आठव्या महिन्यात विचारला, तर घरातले सामान हलवायला वेळ मिळतो. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात देत आहे.

प्रश्न: मला आठवा महिना लागला आहे. डोंबिवलीत आमचे एका बेडरूमचे घर आहे. सासूबाईंनी गावाहून सागवानी पाळणा पाठवला आहे. त्यात माझे यजमान आणि दोन्ही नणंदा वाढल्या. माझी आई म्हणते, बाळ आईच्या कुशीतच हवे, त्याला वेगळे निजवणे बरे नव्हे. यजमानांना दुकानातून कॉट आणायची आहे. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये जेमतेम सव्वादोन फूट जागा आहे. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर: ताई, निर्णय करताना दुकान आणि बारशाचा दिवस थोडे बाजूला ठेवावेत आणि रात्री तीनची वेळ डोळ्यांसमोर आणावी. त्या रात्रीचे ते तिसरे पाजणे असेल, टाके दुखत असतील, घरात सगळे झोपलेले असतील आणि बाळ दूध पिता पिता झोपी गेले असेल. त्या वेळी बसल्या जागेवरून हात लांब करून आपण बाळाला अलगद खाली ठेवू शकता का, की त्यासाठी उठून, चपला शोधून, चार पावले चालून उंच कठड्यावरून वाकावे लागेल? जागा दूर किंवा अडचणीची असेल, तर पहिले चार दिवस आपण नेटाने उठाल, आणि पाचव्या रात्री जिथे डोळा लागेल तिथेच बाळ राहील. चांगल्या चांगल्या कॉटमध्ये दुपट्यांच्या घड्या साठलेल्या आणि बाळ मात्र दोन उशांच्या बेचक्यात झोपलेले, असे मी अनेक घरांत पाहिले आहे. त्यात आईचा काही दोष नसतो, जागा चुकलेली असते.

आता बाळाच्या शरीराकडे पाहू. नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा डोक्याचा असतो, डोक्याची मागची बाजू पुढे आलेली असते आणि मान ते डोके सावरू शकत नाही. ते मुख्यतः नाकाने श्वास घेते, आणि तोंडावर काही आले तर ते बाजूला सारण्याची किंवा आपले तोंड वळवण्याची ताकद त्याला नसते. मऊ गादीत डोके रुतले किंवा हनुवटी छातीवर टेकली, तर श्वासाची वाट अरुंद होते, आणि ही गोष्ट आवाज न करता घडते. बाळ रडून हाक मारत नाही. त्यामुळे त्याचे अंथरूण सपाट, घट्ट, मोकळे आणि त्याचे स्वतःचे असावे, आणि प्रत्येक झोपेसाठी, मग ती दुपारच्या पंधरा मिनिटांची का असेना, त्याला उताणे निजवावे. पाश्चात्त्य देशांत एके काळी डॉक्टरच बाळांना पालथे झोपवायला सांगत असत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये तो सल्ला बदलला, १९९४ मध्ये तिथे बाळांना उताणे झोपवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आपल्याकडच्या अनेक घरांत तान्ह्याला उताणे निजवण्याची रीत जुनीच आहे; ती सोडू नये.

सासूबाईंचा पाळणा मायेने आला आहे, तेव्हा तो नाकारण्यापेक्षा तपासून घ्यावा. पहिल्यांदा कठड्याच्या दांड्यांमधील अंतर मोजावे. ते सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. मोजपट्टी नसेल, तर शीतपेयाचा साधा जाड डबा दांड्यांमधून आरपार जातो का पाहावे; जात असेल, तर बाळाचे अंग सरकून डोके अडकू शकते. नंतर कड्या, साखळ्या आणि छताचा हूक घरातल्या जाणत्या माणसाने भार देऊन पाहावा. पाळण्याचा झोका रात्री बांधून स्थिर करता आला पाहिजे, कारण झोका एका बाजूला कलला तर बाळही त्या बाजूला घरंगळते आणि कठड्याला तोंड लावून पडून राहते. पाळण्याला जुना तेलरंग दिलेला असेल, तर अधिक सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपेक्षा अधिक नसावे असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. आपला पाळणा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो रंग घरात पॉलिश पेपरने घासू नये, आणि आपण स्वतः तर मुळीच घासू नये, कारण त्या धुळीतले शिसे पोटातल्या बाळालाही बाधते. सुताराकडे बाहेर नेऊन रंग काढून घ्यावा, आणि लाकूड नुसते तसेच ठेवावे.

पाळण्यातली गादी हा खरा कच्चा दुवा असतो. जुन्या कापसाच्या गादीला मधोमध खळगा पडतो आणि बाळ नेमके त्या खळग्यात जाऊन बसते. पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा घट्ट भरून घेता येतो, किंवा काथ्याची पातळ गादी मापाने करून घेता येते. गादी निवडताना तळहात जोराने दाबून उचलावा: हाताचा ठसा तसाच राहिला, तर ती गादी बाळासाठी मऊ आहे. गादी आणि कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फट राहता कामा नये. एवढे सगळे जमले, तर हा पाळणा दिवसा बाहेरच्या खोलीत, आपल्या नजरेसमोर, उत्तम चालेल, आणि बारसेही त्यातच व्हावे.

रात्रीसाठी मात्र माझे मत यजमानांच्या बाजूने आहे. कॉट फक्त लहान आणि साधी असावी. पलंगाला चिकटवून लावायची, सुमारे दोन फूट रुंदीची कॉट आपल्या सव्वादोन फुटांत बसेल. कपाटाचे दार उघडेनासे होईल, तेव्हा पलंग पलीकडच्या भिंतीकडे सरकवून पाहावा आणि पलंगाची मोकळी बाजू आपण घ्यावी. कॉटची आणि पलंगाची गादी एका पातळीत असावी, दोहोंत फट राहू नये आणि कॉट पट्ट्यांनी पलंगाला पक्की बांधावी. हे जमत नसेल, तर चारही बाजूंनी बंद असलेली कॉट पलंगाशेजारी ठेवणे अधिक सुरक्षित. एक बाजू वर-खाली सरकणारी कॉट जुन्या बाजारात स्वस्त मिळते, ती घेऊ नये. सरकणारी बाजू निखळून बाळे फटीत अडकल्यामुळे अमेरिकेने २०११ मध्ये अशा कॉटवर बंदी घातली. कॉटसोबत दुकानदार उशी, दोन लोड, जाड दुलई आणि कठड्याला आतून बांधायची गुबगुबीत पट्टी असा संच दाखवतात. त्यातले काहीही बाळाच्या अंथरुणात नको. कठड्याच्या त्या पट्ट्यांवर आणि उतरत्या पाठीच्या झोपण्याच्या आसनांवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंदी आणली आहे. आपल्याकडच्या दुकानांत दोन्ही वस्तू सर्रास दिसतात. ताणून खोचलेली एक सुती चादर, त्यावर बाळ, आणि बाकी काही नाही, असे ते अंथरूण दिसले पाहिजे. पहिल्यांदा ते उघडेबोडके वाटते, हे मला ठाऊक आहे.

आपल्या आईंचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, आणि ते निम्मे फार महत्त्वाचे आहे. बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवू नये. निदान पहिले सहा महिने ते आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर असावे असेच बालरोगतज्ज्ञही सांगतात, कारण झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच होतात आणि दुसरा ते चौथा महिना सर्वांत जोखमीचा असतो. त्यांना एकदा ही कॉट पलंगालगत मांडलेली दाखवावी. बाळाचा श्वास उशाशी ऐकू येतो हे कळले, की त्यांच्या मनातली भीती जाईल.

प्रश्न: मी आजी आहे. इचलकरंजीत आम्ही चारही मुले साडीच्या झोळीत वाढवली. आता नातीला झोळीत घालायला डॉक्टर नको म्हणतात, आणि सुनेच्या माहेरून स्प्रिंगची, विजेवर हलणारी झोळी आली आहे. ती चालते आणि आमची साडीची चालत नाही, असे का?

उत्तर: आजी, आपली साडीची झोळी वाईट आणि विजेवरची चांगली, असे कोणी म्हटले असेल तर ते चुकीचे आहे. दोन्हींचा दोष एकच आहे. झोळीत बाळ सपाट पडत नाही. पाठ वाकते, बूड सगळ्यात खाली जाते, आणि डोके पुढे झुकून हनुवटी छातीला लागते. तीन-चार महिन्यांनंतर बाळ मान थोडी तरी सावरते. एक महिन्याच्या नातीला ते जमत नाही. आपण स्वतः करून पाहावे: नात झोळीत झोपली, की तिची हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आपली दोन बोटे आडवी सरकवावीत. ती सहज गेली नाहीत, तर तिच्या श्वासाची वाट दबलेली आहे असे समजावे, आणि तिला लगेच उचलून सपाट ठेवावे.

आपण ज्या काळात मुले वाढवलीत, त्या काळात झोळीने बायकांना केवढा आधार दिला हे मला माहीत आहे. शेताच्या बांधावर, विटांच्या भट्टीवर, मागाशेजारी, जिथे खाली ओल, मुंग्या आणि विंचू असत, तिथे बाळाला जमिनीपासून उचलून ठेवणारी दुसरी वस्तू नव्हती, आणि कामाच्या हातांना एका दोरीने झोका देता येत असे. शिवाय त्या झोळीवर सतत कोणाची तरी नजर असे. आज घरात दोनच माणसे असतात, विजेची झोळी आपोआप हलत राहते, आणि हलते आहे म्हणून सगळे निर्धास्त होतात. मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

म्हणून माझे सांगणे असे आहे की रडणाऱ्या नातीला शांत करण्यासाठी, आपण समोर बसलेल्या असताना, झोळी वापरावी, आणि तिचा डोळा लागला की तिला उचलून सपाट अंथरुणावर उताणी ठेवावी. रात्रीच्या झोपेसाठी झोळी नकोच. बाळ दिवसांआधी जन्मलेले असेल किंवा वजनाने कमी असेल, तर दिवसाही नको. साडीच्या झोळीला वरच्या बाजूला आडवी काठी लावावी, म्हणजे कापड मिटून तोंडावर येत नाही. बाळाचे पाय बाळुत्यात सरळ ताणून घट्ट बांधून झोळीत घालण्याची पद्धत मात्र सोडावी. खुब्याचे सांधे नीट बसण्यासाठी पाय बेडकासारखे दुमडून मोकळे पडले पाहिजेत. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगते: झोळी रिकामी असेल तेव्हा ती सोडून घडी घालून ठेवावी. मोठी भावंडे तिच्यात बसून गोल गोल फिरतात, साडीला पीळ पडतो आणि तो पीळ गळ्याशी येतो. अशा दुर्घटना घडलेल्या आहेत, आणि त्या तान्ह्या बाळांपेक्षा चालत्या-फिरत्या मुलांच्या बाबतीत अधिक घडतात.

प्रश्न: नागपूरहून लिहीत आहे. डोके गोल व्हावे म्हणून आमच्याकडे मोहरीची उशी करतात, आणि दूध उलटले तर घशात अडकू नये म्हणून बाळाला दोन्हीकडून लोड लावून कुशीवर ठेवतात. हे करावे का?

उत्तर: दोन्ही करू नये. वर्षाच्या आतील बाळाला उशी लागत नाही. मोहरीची तर शिवण उसवली तर दाणे थेट नाका-तोंडात जातात. डोके एका बाजूने चपटे होते ते बाळ सतत एकाच दिशेला पाहत राहते म्हणून. बाळ आईकडे किंवा उजेडाकडे मान वळवते, तेव्हा एके रात्री डोके उशाकडे आणि दुसऱ्या रात्री पायथ्याकडे असे ठेवले, की मान आपोआप दुसरीकडे वळते. दिवसा बाळ जागे असताना, आपण समोर बसून, थोडा थोडा वेळ त्याला पालथे ठेवावे. त्याने मानही बळकट होते. ते एकाच बाजूला मान वळवत असेल आणि दुसरीकडे वळवताना रडत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावे.

दूध उलटण्याची भीती जवळपास प्रत्येक आजीने मला बोलून दाखवली आहे, त्यामुळे तिचे उत्तर नीट देते. बाळ उताणे असते तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायचे, तर चढून जावे लागेल. ते मागे अन्ननलिकेतच राहते आणि बाळ ते गिळून टाकते किंवा तोंडाच्या कडेने बाहेर सोडते. पालथ्या बाळात हीच रचना उलटी होते. कुशीवर ठेवलेले बाळ तर तसे राहतच नाही. लोड सरकला की ते पालथे होते, आणि नाक लोडात जाते. पाजल्यावर खांद्यावर उभे धरून ढेकर काढावा आणि मग उताणे ठेवावे. त्याच वेळी गळ्यातला काळा दोरा किंवा दृष्टमण्यांची माळ काढून ठेवावी; घरच्यांचा आग्रह असेल, तर ती पायात सैलसर बांधावी, गळ्यात नको.

प्रश्न: मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या बाजूला आशा कार्यकर्ती आहे. एका पाड्यावर १९०० ग्रॅम वजनाचे बाळ दवाखान्यातून घरी आले आहे. घर एका खोलीचे आहे, पलंग नाही, रात्री कडाक्याची थंडी पडते. आई, बाप, मोठी मुलगी आणि बाळ एकाच गोधडीत, चुलीशेजारी झोपतात. कॉटचा विषयही काढता येत नाही. मी काय सांगू?

उत्तर: ताई, आपल्या पत्राचे उत्तर मला सर्वांत अधिक काळजीने द्यावेसे वाटले. या बाळाला दोन धोके आहेत, आणि एकाची काळजी घेताना दुसरा वाढू शकतो. थंडीने ते गारठेल, आणि गर्दीत, गोधडीखाली त्याचा श्वास कोंडेल. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला हे दोन्ही धोके अधिक असतात.

गारठ्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आईची छाती हा आहे. कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधून ठेवणे, आपण प्रशिक्षणात शिकला असाल. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात, उबदार पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर लगेच सुरू करण्याची शिफारस केली. लंगोट आणि टोपरे एवढेच ठेवून बाळ आईच्या दोन स्तनांमध्ये उभे धरावे, कापडाने बांधावे, मान फार वाकलेली नको आणि फार मागेही नको, तोंड एका बाजूला आणि नाक मोकळे असावे. दिवसाला कमीत कमी आठ तास, आणि जमेल तितके अधिक. आईला डुलकी येत असेल तेव्हा तिने भिंतीला गोधड्यांची चवड लावून अर्धवट टेकून बसावे. पूर्ण आडवी होऊन बाळ पोटावर ठेवू नये. तिने स्वयंपाक किंवा पाणी भरण्यासाठी उठावे, तेव्हा बाप किंवा आजी छातीशी घेऊ शकते. घरातल्या पुरुषाला हे पहिल्यांदा सांगताना संकोच वाटतो, पण एकदा बाळ छातीशी शांत झाले, की बहुतेक बाप ते स्वतःहून मागून घेतात. हे मी माझ्या विभागात पुष्कळदा पाहिले.

बाळ छातीशी नसेल त्या वेळेसाठी त्याची वेगळी जागा करावी, आणि ती पाड्यावरच होऊ शकते. बांबूची, सपाट तळाची, रुंद टोपली घ्यावी. तळाला जुन्या गोधडीची घट्ट, सपाट घडी मापाने बसवावी, तिच्यावर धुतलेले सुती लुगडे ताणून खोचावे, आणि ती टोपली आईच्या अंथरुणाला लागून, तिच्या बाजूला आणि चुलीच्या विरुद्ध बाजूला ठेवावी. यात कमीपणा काहीच नाही. फिनलंडचे सरकार १९३८ पासून गरजू मातांना, आणि १९४९ पासून सर्वच मातांना, बाळाच्या कपड्यांनी भरलेली एक पुठ्ठ्याची पेटी देते; तिच्या तळाशी गादी असते आणि तिथली कित्येक बाळे पहिले काही महिने त्या पेटीतच झोपली आहेत. बाळ टोपलीत असताना त्याच्यावर गोधडी टाकू नये. अंगावर कपड्यांचे दोन-तीन थर, पायात मोजे, आणि छातीपर्यंत दुपटे गुंडाळून दोन्ही कडांनी पाठीखाली दाबलेले, एवढे ठेवावे. इतक्या कमी वजनाच्या बाळाला अशा थंडीत टोपरे हवेच. ते कानांवरून घट्ट बसणारे असावे, डोळ्यांवर घसरणारे नको.

बाळ गारठले आहे का, हे आईला हाताने ओळखायला शिकवावे. पोट उबदार आणि पावले गार लागली, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्यावे. पोट आणि पावले दोन्ही गार असतील, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठावा. खोली बंद करून निखाऱ्यांची शेगडी किंवा धुमसती चूल ठेवून झोपू नये. त्यातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

कुटुंब तरीही बाळाला मध्ये घेऊन झोपणार असेल, तर निदान एवढे ठरवून घ्यावे: बाळ आईच्या एका कडेला, दोघांच्या मध्ये नव्हे, मोठी मुलगी बापाच्या पलीकडे, आईची गोधडी तिच्या कमरेपर्यंत आणि बाळाचे पांघरूण वेगळे, आणि दारू घेतलेले किंवा विडी ओढलेले माणूस त्या अंथरुणात नको. नुसते ‘शेजारी घेऊ नका’ म्हणून निघून आलो, तर ते होकार देतील आणि रात्री पूर्वीसारखेच झोपतील. बाळ दवाखान्यात जन्मले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आपली गृहभेट ठरलेलीच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेऊन दाखवली, आणि देशभरातल्या गृहभेटींना त्याच कामाचा आधार आहे. प्रत्येक भेटीत वजनाआधी टोपलीकडे पाहावे. तिच्यात भांडी किंवा कपडे दिसले, तर जागा सोयीची झालेली नाही असे समजून आईला पुन्हा विचारावे.

प्रश्न: पुण्यात आम्ही दोघेच असतो. पत्नीला झोप मिळावी म्हणून मी पहाटे बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर पडतो आणि पुष्कळदा मलाही झोप लागते. यात काही गैर आहे का?

उत्तर: आपण पत्नीला झोप मिळवून देता, ही फार चांगली गोष्ट आहे, सोफा मात्र कृपया आजच बंद करावा. मोठ्या माणसाजवळ बाळ झोपण्याच्या सगळ्या जागांमध्ये सोफा आणि आरामखुर्ची सर्वांत धोकादायक आहेत. बाळ छातीवरून घसरते आणि आपले अंग व पाठीची उशी यांच्यातल्या खाचेत तोंड खाली करून अडकते. झोप येणार असे वाटत असेल, तर पलंगावर बसावे, उशा आणि पांघरुणे दूर सारावीत. चुकून डोळा लागलाच, तर सोफ्यापेक्षा सपाट पलंग कमी धोक्याचा असतो. जाग आल्याबरोबर बाळाला त्याच्या जागी ठेवावे. मोबाइलमध्ये दर वीस मिनिटांचा गजर लावून बसणेही उपयोगी पडते. बाळाला गाडीच्या आसनात किंवा प्रॅममध्ये झोप लागली असेल, तर घरी आल्यावर तेही उचलून सपाट ठेवावे. झोप मोडेल म्हणून त्यातच राहू देऊ नये.

प्रश्न: अकोल्यात मे महिन्यात बाळंतपण आहे. कूलर, पंखा, मच्छरदाणी यांचे कसे करावे?

उत्तर: बाळाला आपल्यापेक्षा फार तर एक थर अधिक कपडा लागतो, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तोही लागत नाही. पंखा जरूर लावावा. कूलरचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये आणि खिडकी किलकिली ठेवावी. वातानुकूलन यंत्र असेल, तर साधारण २६ अंश ठेवावे. मानेच्या मागे हात लावून पाहावा: घाम असेल, तर बाळाला उकडते आहे. अशा दिवसांत घरात झोपलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला टोपरे नको, कारण बाळाचे शरीर डोक्यातूनच पुष्कळ उष्णता बाहेर टाकते. मच्छरदाणी हवीच, पण छत्रीसारखी उघडणारी, आतच मऊ गादी आणि उशी शिवलेली मिळते ती घेऊ नये. कॉटच्या चौकटीवर ताणून बसणारी जाळी घ्यावी, जी सैल लोंबून बाळाच्या तोंडावर येणार नाही. डासांची उदबत्ती बाळाच्या खोलीत लावू नये.

प्रश्न: पाळणा किंवा लहान कॉट किती महिने चालते? (ठाणे)

उत्तर: महिने मोजू नयेत, बाळाकडे पाहावे. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते कुशीवर वळू लागते. दुपट्यात हात गुंडाळण्याची सवय असेल, तर ती त्याच दिवशी थांबवावी, कारण पालथे झाल्यावर हात मोकळे नसतील तर त्याला तोंड उचलता येत नाही. झोपवताना उताणेच ठेवावे. नंतर ते स्वतः दोन्ही बाजूंना सहज वळू लागले असेल, तर रात्रभर उठून सरळ करण्याची गरज नाही. पाळण्यावर टांगलेले चिमण्यांचे खेळणे हाताला लागू लागले, की ते काढून टाकावे. आणि बाळ तळहातांवर जोर देऊन छाती उचलू लागले किंवा कठडा धरून उठू पाहू लागले, की पाळणा आणि लहान कॉट दोन्ही बंद करावीत, मग त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा गाठलेली असो वा नसो. त्यानंतर उंच कठड्याची मोठी कॉट घ्यावी आणि तिचा तळ सर्वांत खालच्या खाचेत बसवावा, किंवा भिंतीपासून दूर, जमिनीवर घट्ट गादी घालावी. जमिनीवरची गादी रोज सकाळी उभी करून ठेवावी. पावसाळ्यात तिच्या खालच्या बाजूला ओल धरते आणि ती वरून कळत नाही.